पंजा किती पाणी सारतो

सकाळचे सात. चांगच्या टेकडीवर अजून धुकं,
युकॅलिप्टसच्या बुंध्यांपर्यंत उतरलेलं.
मी नांफाक. उंदीरघराची किल्ली माझ्याकडे,
कॅमेरूनच्या या कोपऱ्यात तेवढीही खूप झाली.

साल आधीच पाजलेली असते. मग सूज आणायची.
ती आपोआप येत नाही, आम्ही आणतो:
समुद्री शेवाळाची पूड, एक टक्का, मिठाच्या पाण्यात,
उजव्या मागच्या पंजात.
तीच पूड, जिने शहरातलं आइस्क्रीम घट्ट राहतं.
समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर,
मी तो एकदाच पाहिला,
तरी आठवड्यातून तीनदा तो इवल्या पंजात फुगवते.

नंतर पंजा काचनळीत बुडवायचा.
तो किती पाणी सारतो, ते लिहायचं.
एक पूर्णांक दोन. एक पूर्णांक सहा.
दुखण्याला आमच्याकडे एवढाच आवाज,
पाणी काठाकडे चढतानाचा.

साल आणली म्हाताऱ्या तेदोंग्मोंनी.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीची गाठ
त्यांनाच सोडायची होती.
झाडाच्या उगवतीकडची घेतली, म्हणाले,
मावळतीकडची निजलेली असते.
डॉक्टर त्सागेंनी वहीत लिहिलं: साल, चारशे ग्रॅम, पूर्व बाजू.
निजण्यासाठी रकाना नव्हता.

कसलं दुखणं मोजता? त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, सूज.
ते हसले, आणि बोटांवर मोजू लागले:
ठणका, जो कोंबड्याआधी उठतो.
कळ, जी येते आणि परत जायला विसरते.
चमक. शिणक. पिंढऱ्यांत भरून आलेली रग.
तिडीक, जी कपाळात राहते आणि घरच्यांवर निघते.
आणि एक बिननावाचं,
मका दळून दळून बाईच्या मनगटात बसलेलं,
विचारलं तर "काही नाही" म्हणणारं.
तुमच्या नळीत यातलं कुठलं बुडतं?

एकच, डॉक्टर म्हणाल्या. पण ते नक्की.
मला ते उत्तर आवडलं. अजूनही आवडतं.

तिसऱ्या तासाला वीज गेली.
होतं तेवढं डिझेल फ्रीजसाठी राखलेलं.
मोबाइलच्या उजेडात मी पातळी वाचली,
डोळा पाण्याच्या रेषेत आणून,
श्वास रोखून, कारण श्वासानेही पाणी हलतं.
अकरा नंबरचा माझ्या तळहातावर स्वस्थ.
त्याच्या वाट्याला नुसतं पाणी आलं होतं, साल नव्हे;
हे मला नंतर कळलं.
पंजा टरारलेला, तापलेला,
आणि तो माझ्या अंगठ्यावर नाक टेकून,
जसं कुणी दवाखान्याच्या बाकावर
नंबर लागेपर्यंत भिंतीला टेकतं.
रकाना भरला.
हे त्यात नाही.

संध्याकाळी थोडा अर्क उरला,
दोन घोट, कोऱ्या चहाच्या रंगाचा.
आईची बोटं आठवली,
आल्याच्या गड्ड्यासारखी,
कपाचा कान न धरवणारी.
कुणी पाहत नव्हतं.
उंदरांना काही झालं नव्हतं. म्हणजे अजून तरी.
मी बाटली हलवली, वास घेतला,
ओल्या मातीचा आणि किंचित गंजाचा,
मग तिच्यावर तारीख लिहून ती फ्रीजमध्ये ठेवली
आणि किल्ली दोनदा फिरवली.

घरी आईने विचारलं, आज काय शोधलंत?
चौथ्या तासाला सूज जरा कमी, मी म्हटलं.
आठ उंदीर झाले, चोवीस व्हायचेत.
जरा म्हणजे किती?
मी पेला पाण्याने काठोकाठ भरला,
करंगळीचं टोक बुडवलं.
एवढं.

ती बघत राहिली. मग हात पुढे केला
आणि सगळी बोटं एकदम आत घातली.
पाणी टेबलावरून फरशीवर गेलं.
"लिही," म्हणाली.